टॅब दाबला की नाव यायचं

रुद्राणी भानामती करून राहिली, ही बातमी गल्लीत सिद्धम्मानं आणली. सिद्धम्मा म्हणजे रुद्राणीच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, आणि त्याच भिंतीला कान लावून बसणारी बाई. दिवेलागणीला पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि त्या थापांच्या तालावर रुद्राणी काहीतरी परकं पुटपुटते. शब्द मराठी नाहीत, कन्नड नाहीत, आपल्या स्वामींनी दिलेल्या मंत्रातले तर मुळीच नाहीत. मधेच थांबते, "चुकलं" म्हणते आणि परत पहिल्यापासून सुरू करते.

"मेलेल्या नवऱ्याला बोलावून राहिली," सिद्धम्मानं नळावर सांगितलं. "अन् त्यो येईना म्हणून परत परत म्हणून राहिली."

दोन दिवसांत बातमी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचली. तिथं तिला लिंबू चिकटलं, मग काळी बाहुली चिकटली, आणि परत गल्लीत आली तेव्हा सिद्धम्मालाच ओळखू येईना इतकी ती नटून आली होती.

खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. रुद्राणी कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम पाठ करत होती. लांबलचक इंग्रजी ओळी, मधे आडव्या रेघा, तिरक्या रेघा, टिंबं. "सुडो सिस्टिम सी टी एल रीस्टार्ट" हे भाकरीच्या थापेवर कुणी म्हटलं तर ऐकणाऱ्याला दुसरं काय वाटणार? खुद्द तिच्या सासूनं, शांतम्मानं, पहिल्या दिवशी कपाळाची विभूती पुन्हा लावून घेतली होती.

मात्र यात नवऱ्याचा काही संबंध नव्हता, असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणजे सिद्धम्मा अगदीच खोटी नव्हती. ती तशी कधीच अगदी खोटी नसते, हीच तिची अडचण आहे.

रुद्राणीचा नवरा सोमेश लातूरच्या एमआयडीसीत गुरुबसप्पा शेठच्या तेलमिलमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. मिल सोयाबीनची. मालाचा ट्रक आला की आधी वजनकाट्यावर चढतो, काट्याचा आकडा तारेतून ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्ये जातो आणि तिथून पावती निघते. हे मोठं मशीन म्हणजे नुसता काळा पडदा. त्यावर चित्रं नाहीत, टिचकी मारायला काही नाही. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचा, मशीन ऐकतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर ऐकत नाही. हंगामात काट्याचा प्रोग्राम वरचेवर गोठायचा. ट्रकांची रांग गेटाबाहेर जायची, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचे, आणि मग सोमेशला हातभर लांब ओळ लिहावी लागायची.

आणि लिहायचा तर त्याला जन्माचा कंटाळा. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना त्यानं पाकिटांवर नावं टाकली नव्हती. "ज्याची त्याला कळत्यात," म्हणाला होता. बोलण्यात हात आखडता नव्हता, खाण्यात तर नव्हताच, फक्त बोटं हलवायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. "बोटं जल्माला एकदाच मिळत्यात, रुद्रे," तो म्हणायचा. "खामखा झिजवायची कशाला?"

त्या काळ्या पडद्यात एक सोय असते. लांब हुकमाला आपल्या मर्जीचं छोटं नाव ठेवता येतं. मग ते छोटं नाव लिहिलं की मशीन मनातल्या मनात लांब ओळ वाचून काम करून टाकतं. ही सोय सोमेशला सापडली त्या दिवशी तो घरी पेढे घेऊन आला. गल्लीला ते पक्कं आठवतं, कारण गल्लीला वाटलं रुद्राणीला दिवस गेले. तसं काही नव्हतं, आणि पुढंही झालं नाही.

नावं त्यानं घरच्या बोलीतली ठेवली. काटा सुरू करायचा हुकूम 'चल'. बंद करायचा 'थांब'. रांगेत किती पावत्या अडकल्यात ते पाहायचं तर 'बघ'. आणि संध्याकाळी दिवसभराचं सगळं दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित ठेवायचं, त्याला 'जप'. इंग्रजी लिपीत दोन-दोन अक्षरं, त्याहून एक जास्त लिहायचं नाही, असा त्याचा नेमच होता. वर मशीनला उत्तरंही शिकवून ठेवली. 'चल' म्हटलं की पडद्यावर यायचं, "हाव, निघालो." 'थांब' म्हटलं की, "थांबलो बाप्पा." आणि 'जप' म्हटलं की, "जपलं. तू बी जप."

या आळसाला शेवट नव्हता. दोन अक्षरांचासुद्धा पुढं त्याला भार व्हायला लागला. रात्रपाळीचं काम तो घरून लॅपटॉपवर करायचा, म्हणजे बाजेवर आडवा व्हायचा आणि लॅपटॉप रुद्राणीच्या मांडीवर द्यायचा. काटावाल्याचा फोन आला की डोळे न उघडता म्हणायचा, "रुद्रे, चल मार." ती भाजी निवडता निवडता दोन अक्षरं दाबायची. मशीन म्हणायचं, "हाव, निघालो." सोमेश कूस बदलायचा. उदगीरची बी.ए. झालेली बाई अशी बाजेच्या काठावर बसून तेलमिलचा वजनकाटा चालवायला शिकली. दोन-दोन अक्षरांत शिकली. त्यामागची लांब ओळ तिनं कधी पाहिली नाही आणि तिला कुणी दाखवली नाही.

एकच गोष्ट तिला पूर्ण लिहावी लागणार होती. मशीन उघडताना ज्याचं खातं त्याचं नाव टाकावं लागतं, आणि खातं होतं सोमेशच्या नावाचं.

आता शांतम्माच्या घरात सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. रुद्राणीचा त्यावर विश्वास होता, असंही नाही. पण मांडवात उखाण्यात एकदा घेतलं, त्यानंतर "आवो" आणि "आमचे हे" यावर संसार सुरळीत चालला, आणि जे जिभेनं कधी केलं नाही ते हातानं करायचीही तिला चोरी वाटायला लागली. पहिल्या दिवशी तिचं बोट एस या अक्षरावर जाऊन अडलं.

"घे की गं नाव," सोमेश बाजेवरून म्हणाला. "मशीनला काय कळतंय?"

"तुम्हाला कळतंय की."

तो इतका हसला की उठून बसला, आणि तो उठून बसणं ही लहान गोष्ट नव्हती. मग त्यानं तिला डाव्या हाताची एक कळ दाखवली. टॅब. पहिलं अक्षर लिहायचं आणि टॅब दाबायचा, उरलेलं नाव मशीन स्वतः लिहितं. "हे बघ," तो म्हणाला, "तुला बी पाप न्हाई, मला बी तरास न्हाई." तेव्हापासून रुद्राणी एस लिहायची, टॅब दाबायची, आणि पडद्यावर नवऱ्याचं नाव आपोआप यायचं. घेतलं कुणी? मशीननं. शांतम्मालाही हा तोडगा पसंत पडला. मशीनचं आयुष्य कमी झालं तर झालं, ती म्हणाली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सोमेश गेला.

दवाखान्यात आत कुणाला सोडत नव्हते. बोलायला श्वास पुरत नव्हता म्हणून तो फोनवर लिहायचा, आणि लिहायचा म्हणजे कसा, तर 'ठीक'च्या जागी एक अक्षर, 'जेवलो'च्या जागी एक अक्षर. शेवटच्या दुपारी रुद्राणीच्या फोनवर दोन अक्षरं आली. 'जप'.

ती वाचून रुद्राणीनं लॅपटॉप उघडला, एस लिहिलं, टॅब दाबला आणि मिलच्या मशीनवर दिवसभराचं काम सुरक्षित ठेवलं. मशीन म्हणालं, "जपलं. तू बी जप." मग तिनं नवऱ्याला कळवलं, "झालं." त्यावर उत्तर आलं नाही. त्याला मिलची डिस्क जपायची होती की आणखी काही म्हणायचं होतं, हे विचारायला पुढं कुणी उरलं नाही. मिल लॉकडाऊनमुळं त्या दिवशी बंद होती, हे तिच्या ध्यानात आलं ते तेराव्यानंतर. जपायला त्या दिवशी काही नव्हतंच.

गुरुबसप्पा शेठनं तिला सोमेशच्या खुर्चीवर बसवलं. दया म्हणून बसवलं, असं गल्ली म्हणाली. खरं म्हणजे त्या मशीनला काय म्हटल्यावर ते काय करतं, हे लातुरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. ती गेली, खुर्ची पुढं ओढली, एस लिहिलं, टॅब दाबला. चार वर्षं हेच चाललं. घरात सून आणि सासू, दोघींचं जेवण, दोघींचं गप्प बसणं. शांतम्मा लेकाचं नाव घ्यायची, तिला मुभा होती, पण घेऊन लगेच पदर तोंडाला लावायची, त्यामुळं तिनं घेणंच सोडलं. सोमेशचं नाव आता उमटायचं ते फक्त मिलच्या काळ्या पडद्यावर, सकाळी, एका बाईनं दोन कळा दाबल्यावर.

मशीनशी ती बोलायची का? सिद्धम्मानं विचारून पाहिलं होतं. "मशीन हाय त्ये," रुद्राणी म्हणाली. "त्याच्याशी काय बोलायचं?" आणि ते खरंच होतं. बोलायचं मशीनच. ती संध्याकाळी पर्स उचलायची, 'जप' लिहायची, उत्तर यायचं, ते वाचून दिवा बंद करायची. कधीकधी एकाच संध्याकाळी दोनदा जपायची. डिस्कला त्यानं काही अपाय होत नाही.

यंदा गुरुबसप्पा शेठनं मिल विकली. गुडघे गेले, मुलं पुण्यात, मोंढ्याच्या धान्यबाजारातला जुना धाक राहिला नाही. घेणारे नांदेडचे, त्यांच्या आणखी दोन मिली देगलूर आणि उमरीकडं. त्यांनी ठरवलं की तिन्ही मिलींचं मोठं मशीन आता नांदेडलाच राहील, लातूरचं बंद होईल. रुद्राणीला लातुरातच खुर्ची मिळेल, पण तिनं आधी नांदेडला येऊन सगळं काम हातानं करून दाखवायचं. आणि एक नियम. छोटी नावं चालणार नाहीत. हुकूम पूर्ण लिहायचा, कारण तीन पाळ्यांत तीन माणसं बसणार. मागच्यानं काय केलं ते पुढच्याला वाचून कळलं पाहिजे.

"नियम वंगाळ न्हाई, पोरी," शेठ म्हणाले. त्यांचे डोळे मात्र टेबलावर होते. "तुला येतंय की सगळं?"

"येतंय," ती म्हणाली. तिला चार शब्द येत होते.

ही खुर्ची गेली तर काय, याचा हिशेब करायला कुणाला बोटं मोजावी लागणार नव्हती. शांतम्माची नजर मंदावत चालली होती आणि घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी मिल सुटल्यावर रुद्राणीनं मशीनलाच विचारलं. छोट्या नावामागं काय दडलंय ते मशीन सांगतं, एवढं ती ऐकून होती. तिनं विचारलं, चल म्हणजे काय? मशीननं पूर्ण ओळ समोर मांडली. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रुद्राणीला आधी हसूच आलं. एवढं सगळं त्या माणसाला लिहायचं नव्हतं! मग तिनं 'थांब' विचारलं, 'बघ' विचारलं, 'जप' विचारलं. 'जप'ची ओळ सगळ्यांत लांब होती, आणि तिच्या अगदी शेवटी, हुकमाचा भाग संपल्यावर, उत्तराचे शब्द होते. ते शब्द तिथं लिहायला त्याला बोटं झिजवावी लागली होती.

भाकरी थापताना जे चाललं होतं ते हे.

"काय पुटपुटून राहिलीस गं?" शांतम्मानं एकदा विचारलंच.

"तुमच्या लेकानं जे लिहायचं टाळलं ते पाठ करून राहिले, आत्याबाई."

"सगळं?"

"हाव."

शांतम्मा थोडा वेळ भाकरीच्या वासाकडं तोंड करून बसली. "मग लई दिवस लागतील," ती म्हणाली.

नांदेडच्या एसटीत रुद्राणी खिडकीशी बसली. अहमदपूर येईपर्यंत 'चल' आणि 'थांब' म्हणून झालं होतं, लोह्यापर्यंत 'बघ'. शेजारची म्हातारी तिच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होती. शेवटी तिनं आपलं बोचकं मांडीवर ओढून घेतलं आणि विचारलं, "नवस हाय का, बाई?"

"हाव."

"फिटंल," म्हातारी म्हणाली, आणि लिंबाच्या गोळ्या पुढं केल्या.

नांदेडच्या ऑफिसात ऋतुजा नावाची इंजिनिअर होती. तिशीही न गाठलेली, बोलायला गोड, चहा स्वतः आणून देणारी. रुद्राणीला वाटलं होतं कुणीतरी खेकसणारा साहेब असेल. खेकसणाऱ्याचा राग तरी आला असता. ऋतुजानं तिला स्वच्छ, नव्या मशीनपुढं बसवलं आणि म्हणाली, "ताई, घाई नाही. इथून तुमच्या लातूरच्या मशीनला जोडायचं आहे. पण आधी या मशीनवरचा काटा सुरू करून दाखवा."

बोटांना सवयीचं वळण असतं. रुद्राणीनं दोन अक्षरं लिहून एंटर दाबला.

मशीन म्हणालं, असा हुकूम सापडला नाही.

ते तिनं वाचलं. चार वर्षांत, त्याआधी बाजेवरच्या सगळ्या रात्रींत, त्या दोन अक्षरांना "हाव"शिवाय दुसरं उत्तर आलं नव्हतं. ऋतुजानं कागदावर काहीतरी टिपलं. रुद्राणीनं डोळे मिटले, हात मांडीवर नेला आणि परातीवर भाकरी फिरवावी तशी बोटं फिरवली. मग लिहायला लागली. सुडो. सिस्टिम सी टी एल. पूर्ण ओळ, टिंबासकट. काटा चालू झाला. मशीन गप्प राहिलं. नुसती खाली नवी रिकामी ओळ आली.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं की. चुकलं तरच ते बोलतं, ताई. बरोबर असलं की गप्प."

पुढचं सगळं तिनं असंच केलं. थांबवलं, पाहिलं, लातूरचं मशीन जोडलं, तिथला इतक्या वर्षांचा डेटा नांदेडला आणला. 'जप'ची लांब ओळ लिहिताना ऋतुजा मागं उभी राहून वाचत होती. शेवटच्या शब्दांच्या जागी रुद्राणीनं हात उचलला. हुकूम तिथं संपत होता, पुढचं नियमात बसत नव्हतं.

"छान झालं," ऋतुजा म्हणाली. "आता शेवटचं. लातूरच्या मशीनवरचं जुनं खातं काढून टाकायचं. मग ते मशीन बंद."

"काढून म्हणजे?"

"पुसून. त्यातलं सगळंच जाईल. डेटा आपण आणलाच आहे." मग तिला काहीतरी उमगलं असावं. "त्यात ती छोटी नावं असलेली फाइल आहे ना? पेनड्राइव्हवर देऊ का काढून?"

रुद्राणीनं विचार केला. "घेऊन करू काय? ज्या मशीनला कळत न्हाईत, त्याच्यापुढं कुठं वाचू?"

ऋतुजानं मान हलवली. रुद्राणीनं पुसायचा हुकूम लिहिला, पूर्ण. नावाच्या जागी आली तशी तिनं एस लिहिलं आणि टॅब दाबला. काहीच आलं नाही. पुन्हा दाबला. उलट मशीननं विचारलं: हे खातं कायमचं जाईल. खात्री असेल तर पूर्ण नाव लिहा.

"इथं टॅब चालत नाही, ताई," ऋतुजा म्हणाली. "मुद्दामच ठेवलंय तसं. चुकून कुणाचं खातं पुसलं जाऊ नये म्हणून नाव हातानंच लिहायचं. एकेक अक्षर."

एसच्या पुढं रेघ उघडझाप करत होती. रुद्राणीचे हात कळांवर होते आणि हलत नव्हते. ऋतुजाला आधी वाटलं, नाव आठवत नाही. मग वाटलं, हुकमात अडलीय. तिनं कागद खाली ठेवला.

"नाव माहीत आहे ना तुम्हाला?"

"माझे मालक होते त्ये."

ऋतुजाच्या आजीकडं असंच होतं, हे तिला आठवलं असेल किंवा नसेलही. ती हळूच म्हणाली, "पण आता ते... म्हणजे आता नाव लिहिलं तर काय होणार?"

काही होणार नव्हतं, हे रुद्राणीला कळत होतं. ज्याचं आयुष्य कमी व्हायचं, त्याचं संपून चार वर्षं झाली होती. तिनं नेम पाळून ते वाढलं नव्हतं. मांडवातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा त्याचं नाव घ्यायचं, आणि ते कशासाठी, तर मशीनला खात्री द्यायला की हा माणूस आता नको. न घेतलं तर खुर्ची गेली. घेतलं तर खुर्ची राहील, आणि सकाळी तिथं बसून उघडायला ते नाव राहणार नाही.

"मी टाकू का?" ऋतुजानं विचारलं. "एक सेकंदाचं काम आहे. तुमच्या कामात धरून घेते मी."

ती पोरगी भल्यासाठीच म्हणत होती, आणि तिचा हात पुढं आलाच होता. रुद्राणीनं तो मनगटाशी धरला.

"तुम्ही नका. माझ्या नवऱ्याचं नाव तुम्ही कशाला घ्यायलाव?"

दहा बोटांनी लिहिणारी बाई, पण ते नाव तिनं एका बोटानं लिहिलं. एक अक्षर, मग थांबायचं, मग दुसरं. बोट झिजत होतं का, ते कुणी पाहिलं नाही. लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं. पडद्यावर ते रोज यायचं त्याहून वेगळं दिसत नव्हतं. तिनं एंटर दाबला.

मशीन काही बोललं नाही. रिकामी ओळ आली.

ऋतुजानं कागदावर शेवटची खूण केली आणि रुद्राणी पास झाली. एसटीत परत येताना तिच्या ओठांना काही काम नव्हतं.

घरी शांतम्मा उंबऱ्यावर बसली होती. "राहिली का नोकरी?"

"राहिली."

"त्याच्या मशीनचं काय केलंस?"

"खातं पुसलं, आत्याबाई. नाव लिहावं लागलं."

शांतम्मा म्हणाली, "मला न्यायचं होतंस. मी आई हाय, मला घेता येतंय. मी म्हणले असते, तू दाबलं असतंस." तिला लिहिता येत नाही, मशीनला ऐकू येत नाही, हे सांगायचं रुद्राणीच्या मनात आलं नाही. तिनं सासूला हाताला धरून आत नेलं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं नुसत्या भाकरीच्या थापा ऐकू आल्या.

आठवड्याभरात मिलमधलं जुनं मशीन टेम्पोत घालून नेलं. रुद्राणी आता नव्या पडद्यापुढं बसते. स्वतःच्या नावानं उघडते, लांब ओळी लिहिते, न चुकता लिहिते, आणि काम बरोबर झालं की पडदा गप्प राहतो. संध्याकाळी बोटं दुखतात. पर्स उचलून ती थोडा वेळ तशीच उभी राहते आणि मग दिवा बंद करते. दोनदा काही जपायचं कारण उरलेलं नाही.

नावाची गोष्ट शांतम्माच्या तोंडून भिंतीपर्यंत गेली, म्हणजे गल्लीभर गेली. नळावर गर्दी होती. सिद्धम्मानं आपली घागर बाजूला सारून रुद्राणीला जागा करून दिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "काय गं, एवढी वर्षं मशीनकडून घेववलंस, अन् शेवटी घेतलंसच म्हणं नवऱ्याचं नाव! उखाण्यात घेतलंस का नुसतंच?"

बायका हसल्या. रुद्राणीनं घागर नळाखाली लावली.

"उखाण्याला समोर लाजणारं माणूस लागतंय, सिद्धम्मा. तिथं मशीन होतं. त्ये म्हणलं, पुसायचंय, पूर्ण लिहा. मी लिहिलं."